ॲपमध्ये बग नाही भाऊ: ऑनलाईन बुद्धिबळ पहिल्यांदा खेळताना

पारावर, टपरीच्या मागं नाहीतर हॉस्टेलच्या खोलीत बुद्धिबळ खेळून तयार झालेला माणूस मोबाईलवर खेळायला बसला की पहिल्या आठवड्यात त्याच्या तीन तक्रारी ठरलेल्या. एक, माझं प्यादं समोरच्याच्या प्याद्याच्या शेजारी उभं होतं, त्याचं प्यादं तिरकं पुढं गेलं अन् माझं गायब झालं, ॲपमध्ये बग म्हणजे बिघाड आहे. दोन, मी जिंकायलो होतो, वजीर जास्तीचा होता माझ्याकडं, तरी हरलो असं दाखवलं, नाहीतर बरोबरी दाखवली. तीन, आल्याबरोबर १५०० रेटिंग, म्हणजे ताकदीचा आकडा, दिलं अन् थोड्याच डावांत निम्मी इज्जत काढून घेतली. मग ॲप डिलीट, अन् ग्रुपवर मेसेज की ऑनलाईन सगळं सेटिंगचं काम असतं.

सेटिंगचं काम नाही. सर्व्हर, म्हणजे ॲपच्या मागं डाव चालवणारा कॉम्प्युटर, नेमकं काय करतो ते आधी कोणी सांगितलेलं नसतं एवढंच, म्हणून हा लेख. गुकेशनं डिसेंबर २०२४ मध्ये सिंगापूरला जगज्जेतेपदाच्या लढतीत डिंग लिरेनला हरवलं, मग जुलै २०२५ मध्ये आपल्या शेजारच्या नागपूरच्या दिव्या देशमुखनं बाटुमीला महिला विश्वचषक जिंकला, तेव्हापासून इकडं परभणी-नांदेड-लातूरकडची लेकरं अन् त्यांचे बाप दोघंही मोबाईलवर खेळायलेत, पण सुरुवातीलाच दमून सोडून देणारे त्यात लई.

आधी पहिल्या तक्रारीचं बघू. आपल्याकडं गावोगावी जे खेळतात त्यात नियमांची खिचडी असते. कुठं प्यादं एकच घर चालतं, कुठं राजाला शह बसायच्या आधी एकदा घोड्यासारखी अडीच घरं उडी मारू देतात, कुठं प्यादं शेवटच्या घरात गेलं की त्या उभ्या रांगेचा जो मोहरा असेल तोच मिळतो. सर्व्हरवर यातलं काही चालत नाही, तिथं आंतरराष्ट्रीय नियम, म्हणजे फिडे या जागतिक बुद्धिबळ संघटनेचे. प्यादं पहिल्या चालीला दोन घरं जाऊ शकतं. शेवटच्या घरात पोचलं की वजीर, हत्ती, उंट, घोडा यातलं काय पाहिजे ते घ्या, पहिला वजीर पटावर असला तरी दुसरा घेता येतो, तिसरा पण घेता येतो. राजाची उडी नाही, तिच्या जागी कॅसलिंग आहे: राजा हत्तीच्या दिशेनं दोन घरं सरकतो अन् हत्ती त्याच्यावरून येऊन पलीकडच्या बाजूला बसतो. त्याला अटी अशा की राजा अन् तो हत्ती आधी हललेला नको, मधली घरं रिकामी पाहिजेत, त्या वेळेला राजाला शह नको, अन् राजा ज्या घरावरून जातो किंवा ज्या घरात जाऊन बसतो तिथं शत्रूचा मारा नको. हत्तीवर मारा असला तर चालतं, तिथं बरेच जण गोंधळतात. मोबाईलवर हे करायचं म्हणजे राजाला धरून दोन घरं ओढायचं, हत्ती आपोआप येतो. हत्तीला आधी हलवलं तर ती नुसती हत्तीची चाल झाली, मग कॅसलिंग गेलंच त्या बाजूचं.

अन् तो 'बग'. त्याला आं पासां म्हणतात. तुमचं प्यादं मूळ जागेवरून दोन घरं उडी मारून समोरच्याच्या प्याद्याच्या अगदी शेजारी येऊन थांबलं, तर त्याला मुभा आहे की तुम्ही एकच घर चालला होता असं समजून ते प्यादं तिरकं जाऊन मारायचं. फक्त लगेचच्या चालीलाच, नंतर नाही. प्याद्याला दोन घरांची सवलत दिली म्हणून त्यानं शेजाऱ्याला चुकवून पळून जाऊ नये, यासाठीचा हा नियम. शेकडो वर्षांपासून आहे, कुठल्या कंपनीनं काढलेला नाही. उलट तुम्हालाही तो वापरता येतोय, अन् समोरचा पण तुमच्यासारखाच टपरीवरचा असेल तर तो पण बग आहे म्हणून ओरडणार.

बरोबरीची गोष्ट जास्त चटका लावणारी आहे. समोरच्याचा एकटा राजा राहिलाय, तुमच्याकडं वजीर अन् हत्ती, अन् तुम्ही असं कोंडलं की त्याच्या राजाला शह तर नाही पण हलायला एकही घर नाही, तर डाव तिथंच संपतो अन् अर्धा-अर्धा गुण. हे स्टेलमेट. नवख्यांच्या डावांत हे इतकं होतं की हरत आलेल्या माणसानं सुद्धा डाव सोडू नये, खेळत राहावं, समोरचा घाईत कोंडतो बऱ्याचदा. म्हणून जिंकत असताना प्रत्येक चालीच्या आधी एकच बघायचं, याला हलायला जागा ठेवली का. तीच स्थिती तीनदा आली तरी बरोबरी मागता येते, अन् दोघांच्याही ५० चालींत एकही प्यादं हललं नाही अन् काही मारलं गेलं नाही तरी मागता येते.

आता खेळायचं कुठं. नवीन माणसाला दोनच नावं माहीत असली तरी पुरे, लीचेस अन् चेस डॉट कॉम. लीचेस २०१० मध्ये तिबो द्युप्लेसी नावाच्या फ्रेंच प्रोग्रामरनं सुरू केलं, देणग्यांवर चालतं, जाहिरात नाही, सगळं फुकट, अन् त्याचा कोड सुद्धा कोणालाही बघायला खुला आहे. भाषांच्या यादीत मराठी पण आहे, भाषांतर लोकांनीच केलेलं. चेस डॉट कॉम २००७ चं, ती कंपनी आहे, तिथं खेळणं फुकट आहे पण कोडी अन् डावाचं विश्लेषण फुकट खात्याला मोजूनच मिळतं, बाकीचं पैसे भरून. तिथं गर्दी जास्त, सजावट जास्त, बोलणारे बॉट म्हणजे कॉम्प्युटरचे खेळाडू वगैरे, लेकरांना ते आवडतं. माझं मत विचाराल तर शिकायला सुरुवात करणाऱ्यानं लीचेस घ्यावं, कारण प्रत्येक डाव संपल्यावर चुका बघायला मिळणं हीच शिकण्याची मुख्य गोष्ट आहे अन् तिलाच कुलूप असेल तर काय उपयोग. पण तुमचे सगळे मित्र चेस डॉट कॉमवर असतील तर तिकडं जा, एवढं काही बिघडत नाही.

खातं काढायला नाव, पासवर्ड अन् ईमेल. नाव ठेवताना खरं आडनाव, गाव अन् जन्मसाल एकत्र टाकायची सवय आपल्याकडं लई आहे, ती इथं नको, लेकरांच्या खात्यात तर अजिबात नको. अन् पुढं कधी लाज वाटेल असंही नाव नको, कारण ते नंतर बदलून मिळेल असं धरून चालू नका. खातं न काढता सुद्धा लीचेसवर पाहुणा म्हणून बिनरेटिंगचा डाव खेळता येतो, बघून घ्यायला ते बरं. ज्यांना मोहरे कसे चालतात इथपासून सुरुवात करायचीये त्यांनी 'शिका' हा भाग उघडावा, खेळता खेळता पार आं पासांपर्यंत नेतो तो. अजून माणसाशी खेळायची धाकधूक असेल तर कॉम्प्युटरशी खेळा, लीचेसवर त्याच्या १ ते ८ पायऱ्या आहेत, पहिली पायरी लहान लेकराला पण हरवता येते.

आता घड्याळ. सगळ्यात जास्त लोक इथं मार खातात. डाव सुरू करायला गेलं की १+०, ३+२, १०+०, १५+१० असे आकडे दिसतात. पहिला आकडा म्हणजे प्रत्येकाला पूर्ण डावासाठी मिळणारी मिनिटं, दुसरा म्हणजे प्रत्येक चालीनंतर तुमच्या घड्याळात वाढणारे सेकंद. १०+० म्हणजे तुम्हाला दहा मिनिटं, त्याला दहा मिनिटं, संपली की संपली. १५+१० म्हणजे पंधरा मिनिटं अन् चाल केली की दहा सेकंद परत जमा. ही सेकंद जमा व्हायची कल्पना बॉबी फिशरची, त्यानं १९८०च्या दशकाच्या शेवटी तसल्या घड्याळाचं पेटंटच घेतलं होतं. त्या आधी जिंकलेला डाव नुसत्या घाईनं घालवायची वेळ भल्याभल्यांवर यायची.

बुलेट, ब्लिट्झ, रॅपिड, क्लासिकल ही नावं यावरूनच. लीचेस साधा हिशोब करतं, डाव ४० चालींचा धरायचा अन् सुरुवातीची सेकंद अधिक जमा होणाऱ्या सेकंदांची ४० पट. ३+२ म्हणजे १८० अधिक ८०, झाले २६०. हे १८० च्या खाली असेल तर बुलेट, ४८० च्या खाली ब्लिट्झ, १५०० च्या खाली रॅपिड, त्याच्यावर क्लासिकल. (बुलेटच्याही खाली एक अल्ट्राबुलेट असतं, तिकडं बघूच नका.) आता तुम्हीच १५+१० चा हिशोब करून बघा, ९०० अधिक ४००, म्हणजे १३००, रॅपिड. नवीन माणसानं हेच खेळावं. इथं मी जरा हट्टी आहे. यूट्यूबवर सगळे स्ट्रीमर तीन मिनिटांचे नाहीतर एक मिनिटाचे डाव दाखवतात कारण बघायला मजा येते, ते बघून पोरं पहिल्या दिवसापासून बुलेट खेळायलेत अन् सहा महिन्यांनी पण उंट फुकट देऊन बसायलेत. घाईच्या डावात तुम्ही विचार करत नाही, जी सवय आधीच आहे तीच घोटून पक्की करता, अन् नवीन माणसाची सवय म्हणजे मोहरा टांगून, म्हणजे समोरच्याला फुकट खाता येईल असा, ठेवायची. १५+१० चे दोन डाव खेळले तर संध्याकाळ जाते हे खरं, पण त्यात बघायला वेळ मिळतो की समोरच्यानं ही चाल कामून केली.

एक वजीर जास्तीचा असून हरलो ही तक्रार बहुतेक वेळा इथलीच असते. तुमची वेळ संपली की पटावर काहीही असो, तुम्ही हरता. याला अपवाद असा की समोरच्याकडं मात करण्याएवढं सामानच उरलेलं नसेल, म्हणजे नुसता राजा असेल, तर तुमची वेळ संपली तरी बरोबरी. म्हणून वेळ कमी पडायली अन् मोहरे जास्तीचे आहेत असं दिसलं तर मात करायच्या मागं लागण्यापेक्षा त्याची उरलेली प्यादी-मोहरे खाऊन टाका, निदान अर्धा गुण वाचतो.

ज्यांना सलग वीस-पंचवीस मिनिटंच मिळत नाहीत, म्हणजे दुकानदार, कंडक्टर, पेरणीच्या दिवसांतले शेतकरी, त्यांच्यासाठी पत्राचारी डाव असतात. एका चालीला एक दिवस, तीन दिवस, अगदी चौदा दिवसांपर्यंत पण ठेवता येतात. सकाळी चहा घेताना एक चाल करायची अन् फोन खिशात. लोकांना हे माहीतच नसतं. अन् त्यात रेंज गेली तरी काही फरक पडत नाही.

रेंजवरून आठवलं, नेटवर्कचं काय ते पण सांगतो कारण आपल्या भागात हा प्रश्न पहिलाच येतो. बुद्धिबळाला डेटा जवळपास लागतच नाही. एक चाल म्हणजे कुठून कुठं, एवढीच दोन घरांची नावं जातात-येतात, व्हॉट्सॲपवरच्या एका गुड मॉर्निंगच्या फोटोत कितीतरी डाव बसतील. त्यामुळं स्पीड कमी असला तरी चालतं, पण कनेक्शन तुटायला नको, कारण घड्याळ तुमच्या मोबाईलमध्ये नाही, सर्व्हरवर चालतं. लाईट गेली, वायफाय बंद पडलं, तर तिकडं तुमची सेकंदं चालूच. वेळेत परत आलात तर डाव तिथून पुढं, नाही आलात तर लीचेसवर थोडा वेळ थांबून समोरच्याला विजय मागता येतो. संदेश पोचायला जो उशीर होतो त्याची थोडी भरपाई सर्व्हर देतो, ती सोय पण जुनीच आहे. १९९२ मध्ये अमेरिकेतल्या युटा विद्यापीठात पहिला इंटरनेट चेस सर्व्हर सुरू झाला, तेव्हा चाली टाइप करून पाठवायच्या अन् पट म्हणजे अक्षरांचा बनवलेला, त्यात लाईन हळू असली की माणूस विचार न करताच वेळेवर हरायचा. मग डॅनियल स्लेटर नावाच्या प्राध्यापकानं चालीला लागलेला खरा वेळ खेळणाऱ्याच्याच कॉम्प्युटरवर मोजायची युक्ती काढली. १९९५ मध्ये त्यांनी तो सर्व्हर पैसे घेणारा केला, त्यावरून बरंच भांडण झालं, अन् त्यातूनच काही लोकांनी वेगळा फुकटचा सर्व्हर काढला. फुकट विरुद्ध पैसे हा वाद तेव्हापासूनचा आहे म्हणा.

अन् तुटणारं कनेक्शन काही फक्त आपल्याच नशिबी नाही. ऑगस्ट २०२० मध्ये फिडेनं ऑनलाईन ऑलिम्पियाड घेतलं, फायनल भारत विरुद्ध रशिया, आपला कॅप्टन नाशिकचा विदित गुजराथी. पहिली फेरी बरोबरीत सुटली अन् दुसऱ्या फेरीत जगभर इंटरनेटची मोठी गडबड झाली, निहाल सरीन अन् दिव्या देशमुख दोघांचं कनेक्शन गेलं अन् वेळ संपून दोघं हरले असं धरलं गेलं. भारतानं दाद मागितली, शेवटी दोन्ही देशांना सुवर्णपदक दिलं. तुमच्यासाठी मात्र अपील कमिटी बसणार नाही, तेव्हा एसटी मांजरसुंब्याच्या घाटात शिरायलीये अन् तुम्ही १०+० सुरू करायलात असं करू नका. अन् हरत आलं म्हणून मुद्दाम ॲप बंद करून पळायचं तर अजिबात नाही, समोरचा बिचारा तुमच्या घड्याळाकडं बघत बसतो, अन् वारंवार केलं तर सर्व्हर काही वेळ खेळूच देत नाही. हरलोच आहोत असं वाटलं तर झेंड्याचं बटण दाबायचं, तो राजीनामा, अन् पुढचा डाव.

रेटिंगवर आता जरा दम धरून वाचा, सगळ्यात जास्त मनस्ताप त्याचाच. जत्रेतल्या कुस्तीच्या फडात जोड लावतात ना, उगंच कोणालाही कोणासमोर उभं करत नाहीत, अंगापिंडानं तोलामोलाचा बघतात, रेटिंग म्हणजे तेवढंच. सर्व्हरला तुमच्या समोर कोण बसवायचा हे ठरवायला एक आकडा लागतो. अमेरिकेत भौतिकशास्त्र शिकवणारे, मूळ हंगेरीचे आर्पाद इलो यांनी ही पद्धत बसवली अन् फिडेनं ती १९७० मध्ये घेतली. आकड्यांतला फरक म्हणजे निकालाचा अंदाज. दोघांचं रेटिंग सारखं तर निम्मे-निम्मे गुण. समोरचा २०० नं वर असेल तर शंभर डावांत तुमच्या वाट्याला साधारण २४ गुण यायला पाहिजेत. ४०० नं वर असेल तर नऊच्या आसपास. अंदाजापेक्षा जास्त मिळवलं की आकडा वाढतो, कमी मिळवलं की घटतो. म्हणून वरच्याला हरवलं की जास्त मिळतात अन् खालच्याशी हरलं की जास्त जातात.

मग आल्या आल्या १५०० कामून देतात? कारण सर्व्हरला तुमच्याबद्दल काहीच माहीत नसतं, त्यानं मधला आकडा धरलाय. मार्क ग्लिकमन या संख्याशास्त्रज्ञानं इलोच्या पद्धतीत एक भर घातली, आकड्यासोबत 'आपल्याला किती खात्री आहे' हे पण मोजायचं. ती ग्लिको पद्धत, लीचेस तिचीच पुढची आवृत्ती वापरतं, चेस डॉट कॉम पण ग्लिकोच. खात्री कमी असली की आकडा मोठमोठ्या उड्या मारतो, एका डावात शंभराच्या वर सुद्धा हलतो, अन् लीचेसवर रेटिंगच्या पुढं प्रश्नचिन्ह दिसतं. प्रश्नचिन्ह आहे तोपर्यंत तो आकडा तुमचा नाहीच, अंधारात चाचपडणं चाललंय. तुम्हाला आधी १५०० वाले भेटतात, ते तुम्हाला धुतात, आकडा धाडधाड खाली येतो, येत येत अशा जागी थांबतो जिथं तुम्ही निम्मे जिंकता अन् निम्मे हरता. जोड सापडली. तिथून खरं खेळणं सुरू, अन् नेमकं तिथं पोचायच्या आधीच आपले लोक ॲप काढून टाकतात. हजारच्या खाली येऊन थांबणं अगदी नेहमीचं आहे, त्याची लाज वाटून घ्यायचं कारण नाही. चेस डॉट कॉमवर सुरुवातीलाच तुम्ही किती तयारीचे ते विचारतात अन् त्यावरून आकडा देतात, तिथं 'नवीन आहे' असं खरं सांगा, उगं मोठेपणा केला तर पुढच्या आठ-दहा डावांत तुम्हालाच भोगायचंय.

अजून दोन-तीन गोष्टी. बुलेटचं रेटिंग वेगळं, ब्लिट्झचं वेगळं, रॅपिडचं वेगळं, कोड्यांचं तर फारच वेगळं, तेव्हा कोणी माझं रेटिंग अमुक आहे म्हणलं की कशातलं ते विचारा. लीचेसचा आकडा अन् चेस डॉट कॉमचा आकडा यांची तुलना होत नाही, नवख्यांचा लीचेसवर बहुतेक वरच असतो. अन् फिडेचं रेटिंग हे तिसरंच प्रकरण, ते समोरासमोर बसून, नोंदणी झालेल्या स्पर्धेत खेळून मिळतं. मार्च २०२४ पासून तिथं यादीत यायलाच कमीत कमी १४०० लागतं. त्यामुळं खातं काढल्याच्या दिवशी १५०० दिसलं म्हणून स्टेटस ठेवणाऱ्यांनी जरा थांबा.

पहिल्या आठवड्यात एक फसवणूक हमखास भेटणार, तिचं उत्तर आत्ताच देऊन ठेवतो. पटावरची घरं ओळखायला उभ्या रांगांना ए ते एच अन् आडव्यांना १ ते ८. तुम्ही काळे. पांढरा ई४ खेळला, तुम्ही ई५. लगेच त्यानं वजीर बाहेर काढून एच५ ला आणला. घाबरू नका, अन् घाईनं जी६ करून वजिराला हाकलायला पण जाऊ नका, कारण तो ई५ चं प्यादं खाऊन राजाला शह देतो अन् मग कोपऱ्यातला हत्ती पण नेतो. घोडा सी६ ला काढा, ई५ चं प्यादं राखलं गेलं. मग तो उंट सी४ ला आणतो, आता वजीर अन् उंट दोघांची नजर तुमच्या एफ७ च्या प्याद्यावर, पुढच्या चालीला तिथं मात. इथं बरेच जण वजिरावर चालून जायचं म्हणून दुसरा घोडा एफ६ ला काढतात अन् मात खातात. आधी जी६ करायचं, आता ते बरोबर आहे. वजीर एफ३ ला गेला, परत एफ७ वरच नजर, तर आता घोडा एफ६. रस्ता बंद झाला. त्याचा वजीर दोनदा फिरला अन् तुमचे दोन्ही घोडे फुकटात बाहेर आले, म्हणजे डाव तुम्हालाच चांगला. चार चालीत मात करून मिरवणाऱ्यांना यापुढं काय करायचं ते बहुतेक माहीतच नसतं.

मोबाईलवर बोट घसरून भलत्याच घरात वजीर पडणं हे पण होणार. सेटिंगमध्ये मोहरा ओढायच्या ऐवजी आधी मोहरा अन् मग घर असं दोनदा टॅप करायची सोय असते, छोट्या स्क्रीनवर ती बरी. प्रीमूव्ह म्हणजे समोरच्याची पाळी चालू असतानाच आपली चाल लावून ठेवणं, ते सुरुवातीला बंदच ठेवा, त्यानं वेगळीच चाल केली की तुमचा मोहरा डोळे झाकून मरायला जातो.

डाव संपल्यावर विश्लेषणाचं बटण दाबा. तिथं स्टॉकफिश नावाचं इंजिन, म्हणजे बुद्धिबळ खेळणारा प्रोग्राम, तुमचा डाव तपासतं, ते जगातल्या कुठल्याही माणसापेक्षा कितीतरी तगडं आहे. बाजूला आकडा दिसतो, +१ म्हणजे पांढरा साधारण एका प्याद्यानं पुढं, −३ म्हणजे काळा एका उंटाएवढा पुढं. पण नवीन माणसानं या आकड्यांत फार शिरू नये. इंजिन वीस ठिकाणी चूक दाखवेल, त्यातल्या पंधरा तुमच्या कामाच्या नाहीत. 'घोडचूक' म्हणून जी मोठी लाल खूण येते तेवढ्या बघा, अन् त्यातली पहिली. बहुतेक वेळा ती एकच असते, समोरच्याच्या माऱ्यात मोहरा नेऊन ठेवला किंवा तिथला काढला नाही. लीचेसवर चुकांमधून शिकायचं वेगळं बटण आहे, ते तुम्हाला त्याच जागी नेऊन आता सांगा काय खेळायला पाहिजे होतं असं विचारतं. कोडी पण खऱ्या डावांतून काढलेली असतात, लाखो आहेत, लीचेसवर हवी तेवढी फुकट. ओपनिंगच्या, म्हणजे डावाच्या सुरुवातीच्या ठरलेल्या चालींच्या, नावांची पाठांतरं करण्यापेक्षा रोज थोडी कोडी केलेली लवकर उपयोगी पडतात.

आता इंजिन एवढं तगडं आहे म्हटल्यावर कोणी दुसऱ्या मोबाईलवर ते लावून खेळत नाही का? खेळतात. पकडलेही जातात. तुमच्या चाली इंजिनशी किती जुळतात, सोप्या अन् अवघड चालीला सारखाच वेळ लागतो का, मधेच दुसऱ्या विंडोत जाता का, हे सगळं बघितलं जातं, खातं बंद होतं, अन् ज्यांनी त्यापायी गुण घालवले त्यांना दोन्ही ठिकाणी ते परत पण मिळतात. शंका आली तर रिपोर्ट करायचं अन् सोडून द्यायचं, चॅटमध्ये भांडायला जायचं नाही. खरं तर ८००-९०० च्या रेटिंगला प्रत्येक हरलेला डाव चीटिंगच वाटतो, अन् बहुतेक वेळा समोरचा फक्त आपला टांगलेला घोडा बघून गेलेला असतो.

लेकरांसाठी लीचेसवर किड मोड आहे, तो चालू केला की चॅट अन् मेसेज बंद, फक्त खेळ. पालकांनी तेवढं नक्की करावं. बाकी पोरगं दहावीत गेलं की मोबाईल कपाटात अन् बुद्धिबळ पण त्याच्यासोबत कपाटात हे आपल्याकडचं ठरलेलं, त्यावर मी काही बोलत नाही. अन् लातूर पॅटर्नवाल्यांनो, पाच वर्षांच्या लेकराला रेटिंगचं टार्गेट देऊ नका, हात जोडतो.

अनोळखी लोकांशी नको वाटत असेल तर मित्राला आव्हान द्या. वेळ निवडायची, लिंक तयार होते, ती व्हॉट्सॲपवर टाकली की समोरच्याचं खातं नसलं तरी डाव सुरू. ग्रुप मोठा असेल तर लीचेसवर स्वतःची अरिना स्पर्धा लावता येते, समजा रविवारी संध्याकाळी दीड तास. डाव संपला की लगेच दुसरा जोडीदार मिळतो, जिंकलं की दोन गुण, बरोबरी एक, लागोपाठ दोन जिंकले की पुढचे गुण दुप्पट, अन् कोणाला लईच मस्ती असेल तर बर्सर्क दाबून स्वतःचा वेळ निम्मा करून घ्यायचा, तरीही जिंकला तर एक गुण जास्तीचा. स्पर्धेला पासवर्ड ठेवता येतो, म्हणजे बाहेरचा कोणी येत नाही. मित्राशी एकेकटं खेळताना मात्र पांढरे कोणाचे हे 'रँडम'वर ठेवा, नाहीतर निम्मा वेळ त्याच्याच भांडणात जातो.